व्हिडिओ कॅप्चर कार्ड: बावीस एमबीचा पूर आणि एवढीशी मोरी

मंडळी, आज एक हिशेब मांडूया. कागद-पेन नको, तोंडी जमेल.

आपल्याकडे टीव्हीचं चित्र पाल पद्धतीचं असायचं. एकूण ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. चौकोनी पिक्सेल धरले तर एका चित्रात ७६८ गुणिले ५७६ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की उत्तर येतं सेकंदाला साधारण २ कोटी २१ लाख बाइट, म्हणजे २२ एमबी. आज हा आकडा ऐकून कोणी मान वर करून बघणार नाही. पण १९९३ साली चांगल्या घरच्या पीसीत ३४० एमबीची हार्ड डिस्क असायची. तेव्हा व्हीसीआर जोडून हे चित्र जसंच्या तसं साठवायचं म्हटलं, तर अख्खी डिस्क पंधरा सेकंदांत भरली असती. पंधरा सेकंद! लग्नाच्या कॅसेटमध्ये तेवढ्यात "शुभविवाह" हे अक्षर फिरून जागेवर येतं फक्त.

तरीही लोकांनी हे केलं. २२ एमबीचा पूर एवढ्याशा मोरीतून काढायचा उद्योग जगभर चालला, आणि त्याचं हत्यार म्हणजे व्हिडिओ कॅप्चर कार्ड. माझ्या पिढीने हे कार्ड नवं असताना पाहिलेलं नाही. मी जन्मलो तेव्हा त्याची पहिली पिढी भंगारातही गेली होती. पण जुनी मॅन्युअल्स आणि ड्रायव्हरचा कोड वाचायचा नाद लागल्यावर लक्षात आलं, की ही गोष्ट नुसत्या हार्डवेअरची नाही. काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे कोणी ठरवलं, याची आहे.

तर सुरुवात करू १९९२ पासून. अ‍ॅपलने डिसेंबर १९९१ मध्ये क्विकटाइम आणलं होतं आणि मॅकच्या पडद्यावर तिकिटाएवढं का होईना, चित्र हलायला लागलं होतं. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये उत्तर दिलं: व्हिडिओ फॉर विंडोज. त्याच्याबरोबर आली एव्हीआय फाइल. ऑडिओ आणि व्हिडिओ एकाआड एक रचून ठेवायचे, म्हणजे सीडीवरून वाचताना दोन्ही हाताशी राहतात, अशी साधी कल्पना. आणि आले दोन छोटे प्रोग्राम: पकडायला व्हिडकॅप आणि कापाकापी करायला व्हिडएडिट.

सॉफ्टवेअर आलं, आता कार्ड. त्या काळचं प्रसिद्ध कार्ड म्हणजे क्रिएटिव्हचं व्हिडिओ ब्लास्टर. ते बसवायचं म्हणजे काय काय करावं लागे, ते नीट बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी पीसीचं झाकण काढायचं आणि मोकळा आयसा स्लॉट शोधायचा. आता कार्डाला आयआरक्यू द्यायचा. आयआरक्यू म्हणजे "साहेब, माझं काम झालं, इकडे बघा" असं प्रोसेसरला सांगायची घंटी. अशा घंट्या एकूण १६, शून्य ते पंधरा. त्यातली दोन नंबरची दुसऱ्या चिपला जोडण्यातच खर्च झालेली. शून्य घड्याळाला, एक कीबोर्डला, तीन आणि चार सिरियल पोर्टना, सहा फ्लॉपीला, सात प्रिंटरला, आठ तारीख-वेळेच्या घड्याळाला, तेरा गणिती प्रोसेसरला, चौदा हार्ड डिस्कला. पाचवर बहुधा साउंड ब्लास्टर ठाण मांडून बसलेलं. नेटवर्क किंवा स्कझी कार्ड असेल तर दहा-अकराही गेले. चाळीतल्या नळासारखा प्रकार. नंबर मिळाला तर पाणी, आणि दोघांनी एकच नंबर धरला तर भांडण. इथे भांडण म्हणजे मशीन जागच्या जागी गोठणार आणि कारण पडद्यावर येणार नाही.

नंबर कसा द्यायचा? तर कार्डावरच्या दोन पिनांवर इवलीशी प्लास्टिकची टोपी बसवायची, तिला जंपर म्हणतात. चुकला की पुन्हा झाकण, पुन्हा स्क्रू, पुन्हा टोपी.

दुसरा अडथळा मेमरीचा. आयसा बसला पत्त्यासाठी २४ तारा, म्हणजे एकूण १६ एमबीचा पत्ता. व्हिडिओ ब्लास्टर आपली चित्राची मेमरी याच १६ एमबीच्या आत एक खिडकी उघडून दाखवायचं. आता तुमच्या मशीनमध्ये ४ किंवा ८ एमबी रॅम असेल तर वर भरपूर जागा मोकळी. पण कोणी हौसेने १६ एमबी रॅम टाकली असेल तर खिडकीला भिंतच शिल्लक नाही! म्हणजे ज्याने जास्त पैसे खर्च केले, त्याचंच कार्ड चालणार नाही. रॅम काढून ठेवा म्हणजे व्हिडिओ चालेल, हा सल्ला आज विनोदी वाटतो, पण तेव्हा तो तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता.

काही कार्डांना ६४० केबी आणि १ एमबी यांच्यामधली जागा लागे. मग कॉन्फिग डॉट सिस फाइल उघडून ईएमएम३८६ च्या ओळीत "एवढा तुकडा वापरू नकोस" असं लिहायचं, आणि तेच विंडोजच्या सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये पुन्हा लिहायचं. एका जागी लिहून दुसरीकडे राहिलं, तर डॉसमध्ये चालणार आणि विंडोजमध्ये पडणार.

तिसरी पायरी फीचर कनेक्टरची. व्हीजीए कार्डाच्या माथ्यावर २६ पिनांची एक जागा असे. तिथून एक चपटी रिबन केबल कॅप्चर कार्डाला जोडायची. विंडोजने पडद्यावर एका ठराविक रंगाचा, बहुधा भडक जांभळट गुलाबी, चौकोन काढायचा आणि कॅप्चर कार्डाने तो रंग दिसेल तिथे टीव्हीचं चित्र घुसवायचं. नाटकात रंगवलेल्या पडद्याला खिडकी कापून मागे खरा माणूस उभा करावा तसं. चित्र दिसायचं झकास, पूर्ण वेगाने. लोक खूश. पण ते चित्र संगणकाच्या मेमरीत येतच नसे! पडद्याचा फोटो घेतला की हातात काय, तर गुलाबी चौकोन. बघणं वेगळं आणि पकडणं वेगळं, हे त्या गुलाबी चौकोनाने अनेकांना शिकवलं असणार :-)

आता पकडायचं. आयसा बस १६ बिटी आणि ८ मेगाहर्ट्झच्या आसपास. कागदावर सेकंदाला १६ एमबी, पण एका देवघेवीला किमान दोन ठोके लागतात म्हणून ८, आणि प्रत्यक्षात त्याच्याही निम्म्याने मिळाले तरी खूप. त्याच बसवर अनेकदा हार्ड डिस्कही. म्हणजे चित्र मोरीतून आत येणार आणि त्याच मोरीतून डिस्ककडे बाहेर जाणार. म्हणून व्हिडकॅपमध्ये ठेवणीतली सेटिंग असे १६० गुणिले १२० आणि सेकंदाला १५ चित्रं. याचा हिशेब सेकंदाला पावणेसहा लाख बाइट. २ कोटी २१ लाखांतले पावणेसहा लाख. बाकी सगळं सोडून द्यायचं.

एवढ्यासाठीही तयारी किती! आधी डिस्क डीफ्रॅग करायची, म्हणजे रिकामी जागा सलग होते. मग व्हिडकॅपला सांगून फाइलची जागा आधीच अडवून ठेवायची, म्हणजे ऐन वेळी डिस्कचं टोक जागा शोधत भटकणार नाही. एवढं करूनही त्या काळच्या हार्ड डिस्क मधूनच थांबायच्या. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून डिस्क अधूनमधून स्वतःच स्वतःचं माप तपासून घ्यायची. वर्ड प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नसे, पण व्हिडिओला तेवढा क्षण पुरेसा. चित्रं गळाली. मग मायक्रोपोलिससारख्या कंपन्यांनी "एव्ही" नावाने खास डिस्क विकल्या. वेगळेपण मुख्यतः हेच, की या मधेच असा ब्रेक घेत नाहीत.

आणि शेवटी व्हिडकॅप आकडा दाखवायचा: इतकी चित्रं पकडली, इतकी गळाली. मला हा आकडा फार प्रामाणिक वाटतो. आजची किती सॉफ्टवेअर्स आपण काय हरवलं ते इतकं सरळ सांगतात?

मोरी रुंद होत नसेल तर पूर आटवा, ही पुढची कल्पना. १९९३ च्या इंटेल स्मार्ट व्हिडिओ रेकॉर्डर कार्डावर इंटेलचीच चिप होती. ती येणारं चित्र तिथल्या तिथे इंडिओ पद्धतीने दाबायची, त्यामुळे ३२० गुणिले २४० आकाराची १५ चित्रं सेकंदाला साठवता यायला लागली. आधी कच्चं पकडायचं आणि मग प्रोसेसरला रात्रभर घाणीला जुंपायचं, हा प्रकार टळला. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या मिरो कंपनीने वेगळी वाट धरली, मोशन जेपीईजीची. प्रत्येक चित्र म्हणजे एक सुटा जेपीईजी फोटो. जागा जास्त लागते, पण कुठेही कापता येतं, म्हणून एडिटिंगवाल्यांना ती आवडली. त्यांची डीसी२० आणि डीसी३० ही कार्डं याच जातीची. १९९७ मध्ये मिरोचा व्हिडिओचा धंदा पिनॅकलने घेतला.

पण मोरी खरी रुंद झाली ती पीसीआयमुळे. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, कागदावर सेकंदाला १३३ एमबी. बावीसचा पूर आता सहज मावणार. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि जंपरच्या टोप्या हळूहळू गेल्या. मग १९९६ च्या सुमारास ब्रुकट्री कंपनीची बीटी८४८ ही चिप आली आणि खेळच बदलला.

इंजिनिअर म्हणून मला या चिपचं सगळ्यात कौतुक कशाचं, तर ती स्वतः प्रोग्राम चालवते. ड्रायव्हर मुख्य मेमरीत एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवतो: एवढे पिक्सेल इथे लिही, एवढे सोड, इथे थांबून ताळमेळ घे, मग पुन्हा वर उडी मार. चिप तो वाचते आणि चित्र थेट हव्या त्या पत्त्यावर नेऊन टाकते, अगदी व्हीजीए कार्डाच्या मेमरीतसुद्धा. प्रोसेसरला वर बघायचीही गरज नाही. रिबन केबल गेली, गुलाबी चौकोनामागची भिंतही गेली. चिप स्वस्त, म्हणून जगभरच्या डझनावारी कंपन्यांनी ती घेऊन कार्डं काढली. हॉपॉगच्या विनटीव्हीपासून ते नाव नसलेल्या हिरव्या पट्टीपर्यंत, आत चिप तीच.

चिप तीच, पण भोवतालचं सगळं निराळं. ट्यूनर वेगळा, आवाजाची जोडणी वेगळी. विंडोजवाल्यांना कंपनीची सीडी होती. लिनक्सवाल्यांना बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर होता. राल्फ मेट्झलर यांनी तो सुरू केला आणि पुढे गेर्ड नॉर यांनी सांभाळला. त्याला कार्डाचा नंबर सांगावा लागे. त्या नंबरांची यादी वाढत वाढत दीडशेच्या पुढे गेली. ती यादी आजही कर्नलच्या कागदपत्रांत वाचता येते. एकेक ओळ म्हणजे कुठल्या तरी देशात कोणी तरी कार्ड उलटंपालटं करून, आवाज येईपर्यंत नंबर बदलत बसलेला. त्याच ड्रायव्हरमध्ये इंटेलच्या ट्रायटन चिपसेटसाठी एक आणि व्हीआयए-सिसच्या चिपसेटसाठी एक असे वेगळे खटके आहेत, कारण १३३ एमबीचा कागदावरचा वेग सगळ्याच मदरबोर्डांना पेलत नव्हता.

आता आपल्याकडचा मुद्दा. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, १९८२ ला भारतात रंगीत प्रक्षेपण आलं, आणि ते पाल पद्धतीचं. अमेरिकेत एनटीएससी होतं. रंगाची माहिती पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर बसते, तिकडे ३.५८ वर. बीटी८४८ ला रंग वाचायला याच्या आठपट वेगाचा क्रिस्टल लागे: पालसाठी ३५.४७ मेगाहर्ट्झचा, एनटीएससीसाठी २८.६४ चा. फक्त अमेरिकेत विकायच्या कार्डावर पैसे वाचवायला एकच क्रिस्टल बसवला, तर ते कार्ड इथे काय करणार? चित्र येणार, रंग नाही. ट्यूनरही तिकडचाच, म्हणजे चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर आवाज शोधणार, आणि आपला आवाज ५.५ वर. म्हणजे अमेरिकेहून कोणा नातेवाईकाने कौतुकाने आणलेलं कार्ड, आणि पडद्यावर काळंपांढरं मुकं दूरदर्शन! पुढच्या चिपांनी एकाच क्रिस्टलवरून दुसरा वेग तयार करायची सोय केली तेव्हा रंगाची ही कटकट संपली. बीटीटीव्हीमध्ये त्यासाठीही एक पर्याय आहे, २८ चा क्रिस्टल की ३५ चा.

आवाजाची आणखी एक डोकेदुखी होती. बीटी८४८ आवाज पकडतच नसे. टीव्ही कार्डातून एक वायर साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये घालायची. म्हणजे चित्राचं घड्याळ एका कार्डावर आणि आवाजाचं दुसऱ्यावर. दोन घड्याळं कधी जुळतात का? समजा साउंड कार्ड ४४,१०० ऐवजी ४४,११० नमुने घेतंय. एवढ्याशा फरकाने तासाभरात आवाज पाऊण सेकंदाहून जास्त सरकतो. कॅसेटच्या सुरुवातीला सगळं ठीक, शेवटी भटजींचे ओठ आणि मंगलाष्टका वेगळ्या. अ‍ॅव्हरी ली यांचा व्हर्च्युअलडब हा मोफत प्रोग्राम पुढे आला. कॅप्चर करणाऱ्यांचा तो लाडका का झाला, याचं एक कारण हेच, की किती चित्रं गळाली आणि आवाज किती सरकला हे तो उघड दाखवायचा आणि दुरुस्तही करू द्यायचा.

फाइलची मर्यादा वेगळीच. जुनी एव्हीआय २ जीबीच्या पुढे जात नसे आणि फॅट१६ डिस्कचा भागही तेवढाच. फॅट३२ आल्यावर ४ जीबी. म्हणून तीन तासांची कॅसेट तुकड्यातुकड्यांत कापली जायची. तुमच्या घरच्या जुन्या सीडीवर "भाग १, भाग २" असं असेल, तर कापायची जागा अनेकदा माणसाने नाही, फाइल सिस्टिमने किंवा सीडीच्या आकाराने ठरवलेली असते. आपल्याकडे लग्नाच्या व्हीसीडी निघायच्या त्याही अशाच. एका डिस्कवर ७४ मिनिटं, ३५२ गुणिले २८८ चं चित्र, सेकंदाला दीडशे केबीच्या आतबाहेर.

आणि इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. पालचं चित्र सेकंदाला २५ असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघतो. एकदा एकाआड एक रेषा, पुढच्या वेळी उरलेल्या. हे ५० अर्धे भाग वेगवेगळ्या क्षणांचे. ३५२ गुणिले २८८ मध्ये पकडायचं म्हणजे बहुधा दोनातला एक भाग सरळ टाकून द्यायचा. अर्धे क्षण गेले. सेकंदाला १५ चित्रं घेतली तर ५० तले ३५ क्षण गेले. व्हिडकॅपच्या त्या छोट्या चौकटीत "१५" हा आकडा टाकणाऱ्याने नकळत एका घराच्या आठवणीचं माप कायमचं ठरवून टाकलं.

माझ्या एका मावशीकडे १९९८ सालच्या मुंजीची सीडी आहे. जेमतेम दहा मिनिटांची एव्हीआय फाइल. ती नेहमीच्या प्लेअरमध्ये लावली तर आवाज येतो आणि चित्र काळं. कारण ती ज्या कार्डाने पकडली, त्याच्या कंपनीचा स्वतःचा कोडेक हवा. फाइलच्या डोक्यावर चार अक्षरांची एक खूण असते, कोणत्या कोडेकने दाबलंय ते सांगणारी. ती वाचून मी एफएफएमपेग लावलं आणि चित्र उघडलं. त्यात पणजी आहे, अक्षता टाकते आहे. तिचं हलतं चित्र आमच्या घरात एवढंच. सेकंदाला २५ चित्रं, एक भाग टाकलेला, त्यामुळे तिचा हात थोडा झटक्याने वर जातो. मी मावशीला विचारलं, मूळ कॅसेट कुठे आहे? म्हणाली, "अरे, सीडी केली ना, मग कशाला ठेवायची? दिली रद्दीत."

तिचं काहीच चुकलं नाही. कॉम्प्युटरवर घेतलं म्हणजे जपलं, असंच सगळ्यांना सांगितलं गेलं होतं.

पण बघा, कोडेकचं आयुष्य कॅसेटपेक्षा कमी निघालं. इंडिओचंच घ्या. एके काळी एव्हीआय म्हटलं की इंडिओ असायचा. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणासाठी विंडोज २००० आणि एक्सपीवर मीडिया प्लेअर आणि इंटरनेट एक्सप्लोररमधून तो चालवणंच बंद केलं. कारण योग्यच होतं, त्या जुन्या कोडमध्ये धोके होते. पण ज्यांच्या घरचे वाढदिवस इंडिओत होते, त्यांना हे कोण सांगणार? आज त्या फाइल्स उघडतात त्या एफएफएमपेगमुळे. कोणी तरी फुकट, आपल्या सुट्टीच्या वेळात, बंद पडलेल्या कोडेकची गाठ उकलत बसलं म्हणून. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरचं याहून मोठं समाजकार्य नाही.

कॅप्चर कार्डांचा अंत शांतपणे झाला. १९९५ मध्ये डीव्ही कॅमेरे आले. ते चित्र आतच डिजिटल करायचे आणि फायरवायरच्या वायरीतून आकडे जसेच्या तसे पाठवायचे, सेकंदाला साधारण साडेतीन एमबी. पकडणं संपलं, कॉपी करणं सुरू झालं. त्यानंतर फोन आले आणि कॉपीसुद्धा आपण करत नाही.

कॅसेट मात्र अजून माळ्यावर आहेत. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवे बनवणाऱ्यांत ती शेवटची होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतेक गेलं असं समजा. आपल्याकडे तर दर पावसाळ्यात टेपला बुरशी धरते.

म्हणून शनिवारचं काम सांगतो. माळ्यावरची कॅसेट खाली काढा, पण बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप आणि हेड दोन्ही जातील, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. पकडताना पूर्ण ५७६ रेषा आणि दोन्ही भाग घ्या. जागा आता स्वस्त आहे, काटकसर करायचं कारण उरलेलं नाही. फाइल अशा कोडेकमध्ये ठेवा ज्याचा कोड सगळ्यांसमोर आहे. जुन्या सीडीवरच्या फाइल्स आजच कॉपी करा आणि चित्र काळं आलं तरी डिलीट करू नका, आत बहुधा माणसं आहेत.

आणि हे सगळं झाल्यावरही कॅसेट टाकू नका. सेटिंगच्या चौकटीत आपण आज जो आकडा टाकतोय, तो वीस वर्षांनी कोणाला कमी पडेल, काही सांगता येत नाही.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. कुठली चार अक्षरं अडली असतील तर कळवा, बघू उलगडतात का.